टॅटूचा नियम आणि जाहिरातीतला शब्द: सोलापुरातील दुकानदार व कारखानदारांसाठी

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात, नवी पेठेतल्या एका दुकानात विक्रेत्यांच्या जागेसाठी मुलाखती चालू होत्या आणि दुकानाच्या जाहिरातींचा मजकूर लिहिणारी म्हणून मीही तिथे बसले होते. मालकांनी एका मुलीला डबलबेडची चादर उलगडून दाखवायला सांगितली. सोलापुरी चादर जाड आणि वजनदार असते, ती एकट्याने पसरणे सोपे नसते. तिने दोन टोके धरून, मधली घडी हनुवटीखाली दाबून, एका झटक्यात चादर काउंटरवर अशी टाकली की किनारीची नक्षी बरोबर गिऱ्हाइकाच्या बाजूला आली. काम तिच्या हातात होते. मात्र हात उंचावताना कुर्त्याची बाही कोपरापर्यंत सरकली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेला ‘आई’ हा शब्द सर्वांना दिसला. त्यानंतर तिला एकही प्रश्न विचारला गेला नाही. ती गेल्यावर मालक म्हणाले, “मुलगी चांगली आहे, पण गिऱ्हाइकांना बरं दिसणार नाही.” त्याच दुकानाच्या दर्शनी भागावर महिला दिनाचा फ्लेक्स तेव्हा अजून उतरवलेला नव्हता आणि त्यावर मी लिहिलेले वाक्य होते: ‘तुम्ही जशा आहात, तशाच आम्हाला हव्या आहात.’

तेव्हापासून माझा एक शिरस्ता झाला आहे. कोणत्याही व्यवसायासाठी सामाजिक आशयाची जाहिरात लिहिण्याआधी, तिथे काम करणाऱ्यांना कोणते नियम लागू आहेत हे मी विचारते, आणि नियम तोंडी असतील तर ते कागदावर उतरवायला लावते. बाहेरगावी विणलेल्या चादरीला ‘अस्सल सोलापुरी’ असे लेबल लावून ती विकली जाते तेव्हा आपल्याला राग येतो, आणि तो रास्तच आहे, कारण आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे व ते नाव मागच्या कित्येक पिढ्यांच्या कष्टांतून उभे राहिलेले आहे. जाहिरातीतला सामाजिक संदेश हेही एक लेबलच असते. आत तसा माल नसेल, तर ते लावू नये. पुढचे मार्गदर्शन त्या दृष्टीने लिहिले आहे: आधी टॅटूविषयी कामाच्या जागी नीट नियम कसा करावा, आणि मग त्यावर बोलायचे असेल तर जाहिरात कशी करावी.

आक्षेप नेमका कशाला आहे, हे आधी ठरवा

नियम लिहायला बसण्यापूर्वी मालकांनी आणि व्यवस्थापकांनी स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. आपल्याला टॅटू खटकतो तो कामाला बाधा येते म्हणून, की तो आपल्या सवयीचा नाही म्हणून?

माझी आजी विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात कातरलेली तेंदूची पाने आणि तंबाखू, आणि त्यावर सतत हलणारे तिचे हात मला आजही दिसतात. कोपरापासून मनगटापर्यंत त्या हातांवर हिरवट-निळसर पडलेले गोंदण होते: तुळशीवृंदावन, बाजूने ठिपक्यांची रांग, आणि आजोबांचे नाव, जे कातडी सुरकुतल्यावर वाचता येईनासे झाले होते. कपाळावर आणि हनुवटीवर एकेक ठिपका. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असे ती सांगायची. दिव्याची काजळी आणि सुया घेऊन दारोदार फिरणाऱ्या गोंदणारणींनी आपल्या आज्या-पणज्यांचे हात असे भरून टाकले होते आणि त्या हातांनी सोलापूरचे विडी कारखाने, शेते आणि घरे चालवली. त्या काळी कोणत्याही मुकादमाने गोंदणाकडे बोट दाखवून काम नाकारल्याचे मी घरात कधी ऐकले नाही.

मग आजच्या मुलीच्या मनगटावरचा एक शब्द का खटकतो? माझ्या मते याचे कारण असे की, मधल्या पिढीने गोंदण हे अडाणीपणाचे चिन्ह मानून टाकून दिले, आणि त्यानंतर टॅटू परत आला तो सिनेमातून व क्रिकेटच्या मैदानावरून, म्हणजे ‘बाहेरची फॅशन’ म्हणून. त्यामुळे आजीचा हात मागासलेला ठरला आणि नातीचा हात उनाड ठरला. या दोन्ही समजुतींचा काम करण्याच्या कुवतीशी काहीही संबंध नाही.

गिऱ्हाइकांच्या नावाने केला जाणारा आक्षेपही तपासून पाहावा. तीन महिने काउंटरवरच्या तक्रारवहीत टॅटूबद्दल किती तक्रारी येतात, याची नोंद ठेवा. माझ्या माहितीतल्या दोन दुकानांनी अशी नोंद ठेवली. तक्रारी होत्या त्या उशिरा मिळालेल्या पावत्यांच्या आणि रंग गेलेल्या टॉवेलांच्या.

मोठ्या कंपन्यांनीही हा रस्ता टप्प्याटप्प्याने पार केला आहे. स्टारबक्सने २०१४ साली आपल्या कर्मचाऱ्यांना चेहरा व गळा सोडून इतरत्र टॅटू दिसू देण्याची मुभा दिली. एअर न्यूझीलंडने २०१९ साली ती दिली, आणि तिथे तर प्रश्न माओरी या मूळ रहिवाशांच्या पारंपरिक गोंदणाचाही होता, म्हणजे आपल्याकडच्याइतकाच जुन्या वारशाचा. डिस्नेच्या उद्यानांनी २०२१ साली आणि व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश विमानकंपनीने २०२२ साली नियम सैल केले. यांपैकी कोणीही ‘काहीही चालेल’ असे म्हटलेले नाही. अपमानकारक टॅटूंवर सर्वांनी आणि चेहऱ्यावरच्या टॅटूंवर काहींनी मर्यादा ठेवल्या आणि त्या लिहून ठेवल्या. आपणही तेवढेच करायचे आहे.

नियम कामाच्या स्वरूपावरून करा

सगळ्यांना एकच फूटपट्टी लावणे सोयीचे वाटते, पण त्याने काम बिघडते. कापड दुकानाच्या काउंटरवर, हिशेबाच्या टेबलावर किंवा गोदामात बऱ्या झालेल्या टॅटूमुळे कोणतीही अडचण येत नाही, तेव्हा तिथे झाकण्याची सक्ती करू नये. यंत्रमागावर काम करणाऱ्याला टॅटू झाकण्यासाठी सैल लांब बाही घालायला लावणे तर धोक्याचे आहे, कारण फिरत्या पट्ट्यात किंवा चाकात बाही अडकून हात जाऊ शकतो. रुग्णालयात हात कोपरापर्यंत उघडे ठेवून नीट धुणे हीच स्वच्छतेची शिस्त असते, म्हणून परिचारिकेला टॅटू झाकायला बाही चढवायला लावल्यास संसर्ग टाळण्याचा मूळ हेतूच मागे पडतो. टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थराखाली बसलेली असते, त्यामुळे जखम पूर्ण भरल्यावर तो हात इतर कोणत्याही हाताइतकाच स्वच्छ होतो.

नव्या टॅटूची गोष्ट वेगळी आहे आणि नियमात त्याचा उल्लेख हवाच. ताजा टॅटू ही उघडी जखम असते. वरची त्वचा भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर त्या व्यक्तीला रंगशाळेतल्या गरम रंगपाण्यात आणि रसायनांत हात घालायला लावू नये, खाणावळीच्या स्वयंपाकघरात उघड्या हाताने काम देऊ नये आणि रुग्णाच्या जखमेजवळ नेऊ नये. हा नियम शिक्षेच्या भाषेत न लिहिता काळजीच्या भाषेत लिहावा, म्हणजे माणसे टॅटू लपवून ठेवणार नाहीत. लपवलेली ताजी जखम ही सर्वांत वाईट.

मजकुराचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो, म्हणून त्यावर जास्त वेळ द्या. अश्लील चित्रे, शिवीगाळ, हिंसेचे किंवा नशेचे उदात्तीकरण, कोणत्याही जातीचा वा धर्माचा अपमान करणारा मजकूर आणि राजकीय पक्षाचे चिन्ह कामाच्या वेळी दिसू नये, एवढी बंधने मला योग्य वाटतात. मात्र श्रद्धेच्या खुणांबाबत नियम सर्वांना सारखा लागला पाहिजे. अक्कलकोट आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहेत, त्यामुळे ‘श्री स्वामी समर्थ’ किंवा विठ्ठलाची मूर्ती गोंदलेला हात आपल्याकडे रोज दिसतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. तो हात चालत असेल, तर ‘जय भीम’ गोंदलेला हात, चंद्रकोर गोंदलेला हात आणि क्रूस गोंदलेला हातही त्याच काउंटरवर चालला पाहिजे. एकाला मुभा आणि दुसऱ्याला बाही, असे झाले की टॅटूच्या नियमाआडून भेदभाव सुरू होतो. खासगी नोकरीत टॅटूसंबंधी वेगळा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून ही जबाबदारी नियम करणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर अधिकच येते.

झाकणे खरोखर आवश्यक असेल, तर त्याचा खर्च आणि त्रास मालकाने उचलावा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या उन्हात पंख्याखाली दहा तास उभ्या राहणाऱ्या मुलीला जाड कृत्रिम कापडाची बाही चढवायला सांगणे हे आरामखुर्चीत बसून केलेल्या नियमाचे लक्षण आहे. गणवेश शिवणारे कारखाने आपल्याच शहरात आहेत आणि त्यांच्याकडून पातळ सुती कापडाचे पूर्ण किंवा पाऊण बाहीचे गणवेश करून घेता येतात. ते सर्व कर्मचाऱ्यांना सारखेच द्यावेत, म्हणजे ‘बाहीवाली तीच ती’ अशी कुजबुज होणार नाही.

कोणाला टॅटू काढून टाकायला सांगू नये. लेझरने टॅटू घालवायचा तर अनेक बैठका लागतात, दोन बैठकांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते, काळी शाई तुलनेने लवकर फिकी होते पण हिरवा-पिवळा रंग चिवट असतो, आणि एवढे करून त्वचेवर डाग राहू शकतो. “काढून ये, मग बघू” हे बोलणे एका दमात होते, पण त्याचा खर्च समोरच्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा असू शकतो.

मुलाखतीत आणि नंतर

टॅटूचा विषय काढायचाच असेल, तर तो सर्व उमेदवारांसमोर सारखाच काढावा: “आमचा नियम असा आहे, तो तुम्हाला पाळता येईल का?” टॅटू का काढला, कोणाचे नाव आहे, घरच्यांना माहीत आहे का, लग्न ठरताना काय सांगणार, हे प्रश्न विचारू नयेत. विशेषतः मुलींना ते विचारले जातात आणि मुलांना विचारले जात नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे.

नोकरी शोधणाऱ्यांनाही दोन शब्द सांगते, कारण आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले पहाटे मैदानावर भरतीची तयारी करतात आणि त्याच महिन्यात गड्ड्याच्या यात्रेत मित्रांबरोबर हातावर काहीतरी गोंदवून येतात. सैन्याचे नियम दुकानापेक्षा फार कडक आहेत. भारतीय सैन्यात कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असेल तरच मान्य होतो. आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणाचा मात्र स्वतंत्रपणे विचार केला जातो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत त्याहून बारीक अटी असतात: सलामी उजव्या हाताने दिली जाते म्हणून फक्त डाव्या हाताची आतली बाजू किंवा तळहाताची मागची बाजू चालते, आणि आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावा लागतो. दंडावर किंवा मानेवर टॅटू काढून मग वैद्यकीय चाचणीत बाद झालेल्या मुलाची समजूत घालणे फार कठीण असते. भरतीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि मगच सुईखाली हात द्या. सुई नवी आणि तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली असावी, शाई वेगळ्या छोट्या टोपणात ओतून घेतलेली असावी. वापरलेल्या सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. यात्रेतला स्टॉल स्वस्त असतो, पण तिथे एकाच सुईने दहा हात गोंदले जात नाहीत ना, हे कोण पाहणार?

जाहिरातीत बोलायचे असेल तर

नियम होऊन निदान सहा महिने तो पाळला गेल्यावरच त्याविषयी बोलावे. व्हर्जिन अटलांटिकने वेगळेपणाचा गौरव करणारी जाहिरातमोहीम आणि टॅटूची मुभा या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी आणल्या, त्यामुळे जाहिरात पाहिलेल्या प्रवाशाला विमानात तसाच कर्मचारी भेटू शकत होता. संदेशाला तेवढा आधार पुरतो. याउलट, गोरेपणा म्हणजे यश असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली त्वचेच्या रंगावरून कमी लेखणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली, २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, आणि २०२२ साली परिषदेने स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविरुद्धही तत्त्वे दिली. म्हणजे माणसाच्या अंगावरून त्याची किंमत ठरवू नये, ही गोष्ट जाहिरातीच्या जगाने हळूहळू का होईना, मान्य केली आहे. टॅटूचा प्रश्न त्याच वाटेवरचा आहे.

फलकावर चेहरा आपल्याच कर्मचाऱ्याचा असावा, इंटरनेटवरून घेतलेल्या परदेशी मॉडेलचा नसावा. त्याची लेखी संमती घ्या, ती मराठीत किंवा तेलुगूत, म्हणजे त्याला वाचता येईल अशा भाषेत असू द्या, आणि नोकरी सोडल्यावर छायाचित्र किती दिवसांत उतरवले जाईल हे त्यात लिहा. छायाचित्राचे वेगळे मानधन द्या. मालकाला ‘नाही’ म्हणणे नोकराला अवघड जाते, म्हणून विचारणा मालकाने स्वतः करू नये. एखाद्या सहकाऱ्यामार्फत करावी आणि उत्तरासाठी दोन दिवस द्यावेत. म्हाताऱ्या बायकांच्या गोंदलेल्या हातांची छायाचित्रे ‘वारसा’ म्हणून चादरीच्या जाहिरातीत वापरण्याची नवी आवड मला दिसते. ते हात खरोखर सुंदर असतात. पण त्या बाईला नाव, मान आणि पैसे मिळणार नसतील, तर ते छायाचित्र वापरू नये.

टॅटू हाच जाहिरातीचा विषय करू नये. टॅटू असलेली विक्रेती चादर उलगडून दाखवते आहे आणि मजकूर चादरीबद्दल आहे, एवढे पुरेसे असते. ‘आम्ही टॅटूवाल्यांनाही संधी देतो’ या वाक्यातला ‘ही’ उपकाराचा आहे, आणि तो वाचणाऱ्याला टोचतो. तसेच सामाजिक संदेशाच्या जोडीला मालाविषयी खोटा दावा जाता कामा नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा तसे केल्यास तो पन्नास लाखांपर्यंत जातो.

फलक लागण्याच्या आदल्या दिवशी काउंटरवरच्या प्रत्येकाला तो दाखवा आणि एखादे गिऱ्हाईक चिडून बोलले तर काय उत्तर द्यायचे हे ठरवून ठेवा. २०२० साली तनिष्कने आंतरधर्मीय कुटुंबावरची आपली जाहिरात मागे घेतली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या आणि दुकानातल्या सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण दिले होते. फलक लावण्याचा निर्णय वर होतो, बोलणी मात्र काउंटरवरच्या माणसाला खावी लागतात. त्याला आधी विश्वासात घेतले नसेल, तर तो संदेश त्याच्यावर लादलेला ठरतो.

अनेक व्यवसाय वर्धापनदिनाला रक्तदान शिबिर घेतात आणि त्याचीही जाहिरात करतात. तो चांगला उपक्रम आहे, परंतु नवा टॅटू काढलेल्याला बारा महिने रक्तदान करता येत नाही. शिबिराच्या सूचनेत ही अट आधीच लिहावी. सर्वांसमोर रांगेतून परत पाठवल्या गेलेल्या मुलाची उगाच चर्चा होते, आणि भीडेपोटी टॅटू लपवून कोणी रक्त दिले तर धोका रुग्णाला असतो.

नियमाचा नमुना खाली देते. आपापल्या कामाप्रमाणे त्यात बदल करावा आणि हजेरीपुस्तक ठेवतात त्या जागी, मराठीसोबत तेलुगू व कन्नडमध्येही लावावा:

‘या ठिकाणी काम करणाऱ्या व्यक्तीच्या अंगावरील गोंदण किंवा टॅटू हे नोकरी नाकारण्याचे अथवा बढती रोखण्याचे कारण मानले जाणार नाही. अश्लील, हिंसक, नशेला उत्तेजन देणारा, जाती-धर्माचा अपमान करणारा किंवा राजकीय पक्षाचा टॅटू कामाच्या वेळी झाकावा, त्यासाठी लागणारा सुती गणवेश व्यवस्थापन देईल. श्रद्धेच्या व कुटुंबाच्या खुणांना सर्वांसाठी सारखीच मुभा आहे. नवा टॅटू काढल्यास त्याच दिवशी कळवावे, जखम भरेपर्यंत रसायने, स्वयंपाक व रुग्णसेवा यांऐवजी दुसरे काम त्याच पगारावर दिले जाईल. याविषयी कोणी टोमणे मारल्यास व्यवस्थापकाकडे तक्रार करावी. तक्रारीची नोंद होईल आणि आठ दिवसांत उत्तर मिळेल.’